कळंबचा कदंब आणि कळंबचा मोह

कळंब या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत इतकीं आहेत कीं, जुन्या कागदांत नुसतें 'कसबे कळंब' असें वाचावयास मिळालें तर संशोधकानें तेथेंच थांबून, हें कळंब कोणतें, असा प्रश्न आधीं करावा. पुणें जिल्ह्यांत मंचरजवळ एक कळंब आहे. मांजरा नदीच्या कांठचें, धाराशिव जिल्ह्यांतील कळंब हें तालुक्याचें ठिकाण आहे. आणि यवतमाळच्या पूर्वेस सुमारें चौदा मैलांवर, नागपूरच्या रस्त्यावर, चक्रावती नदीच्या कांठीं वसलेलें कळंब हेंही तालुक्याचेंच ठिकाण आहे. पहिल्याविषयीं घोटाळा फारसा होत नाहीं. पुढल्या दोहोंचा मात्र हमखास होतो. इ. स. १८०३ नंतर हीं दोन्हीं गांवें निजामाच्या राज्यांत होतीं, आणि १८५३ च्या तहानें वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग-धाराशिवकडचा मुलूखही इंग्रजांच्या ताब्यांत गेला होता. तो १८६० सालीं परत झाला. म्हणजे या सात वर्षांच्या इंग्रजी कागदांतसुद्धां राज्याच्या नांवावरून निवाडा होत नाहीं. शेजारच्या गांवांचीं व नद्यांचीं नांवें हाच एक आधार. येरमाळा, केज, मांजरा हीं नांवें आलीं तर कागद मराठवाड्याचा. बाभूळगांव, राळेगांव, वर्धा नदी हीं आलीं तर वऱ्हाडचा. प्रस्तुत लेख वऱ्हाडांतील कळंबापुरता आहे.

हें गांव आज लहान दिसलें तरी एके काळीं मोठ्या मुलखाचें मुख्य ठिकाण होतें. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'ंत वऱ्हाड सुभ्याचीं जीं सरकारें सांगितलीं आहेत त्यांत कळंब हें एक सरकार आहे. जॅरेटच्या इंग्रजी भाषांतरांत तें 'कल्लम' असें छापलें गेलें आहे. फारसी लिपींत ह्रस्व स्वर लिहीत नसल्यामुळें अशा छापील रूपावरून मूळ उच्चाराविषयीं कांहीं सिद्ध करूं पाहणें व्यर्थ होय. १५९६ सालीं वऱ्हाड मोंगलांकडे गेलें. अठराव्या शतकांत तेथें निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुअंमल चालला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेचा प्रदेश भोसल्यांच्या हातून सुटला. १८५३ त इंग्रज आले. १९०३ त वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलें गेलें. जिल्ह्याचें नांव आधीं वणी होतें, तें १९०५ पासून यवतमाळ झालें. पुढें १९५६ सालीं हा प्रदेश मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. इतक्या धन्यांच्या हाताखालून गेलेल्या गांवाचे कागद फारसी, मोडी व इंग्रजी अशा तीन अंगांनीं पसरलेले असतात, आणि त्या तिहींत एकच वस्तु तीन निराळ्या नांवांनीं वावरते. (रेल्वे मात्र या जुन्या सरकारच्या ठाण्यास वर्ध्याहून २०२४ सालीं मिळाली!)

गांवची कीर्ति चिंतामणि गणपतीच्या देवालयामुळें आहे. देवालय जमिनीच्या पातळीखालीं असून पायऱ्या उतरून आंत जावें लागतें. आंत कुंड आहे. गौतमाच्या शापानें पीडलेल्या इंद्रानें कदंबाखालीं गणेशाची आराधना केली, अशी क्षेत्रकथा सांगतात. थेऊरच्या चिंतामणीची कथाही कदंबाशींच जोडलेली आहे, तेव्हां पुराणांतील कदंबक्षेत्र कोणतें हा वाद दोन्हीं गांवच्या उपाध्यायांवर सोंपविणें बरें. आपल्या कामापुरतें एवढेंच महत्त्वाचें कीं, गांवाचें नांव झाडावरून पडलें ही समजूत परंपरागत आहे, आणि भाषाशास्त्र तिला अनुकूल आहे. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणांत 'कदंब' शब्दांतील द-काराचा विकल्पानें ल-कार होतो असें सांगितलें आहे. 'दोहद' शब्दांतही तोच विकार त्यानें नोंदिला आहे. दोहदाचे मराठींत डोहाळे झाले, कदंबाचा कळंब झाला. दोन्हींचा मार्ग एकच.

पण हा कदंब कोणता? टपोऱ्या, केशरी, चेंडूसारख्या फुलांचा जो वृक्ष आज बागांतून लावतात तो ओलाव्याचा भोक्ता आहे. कोंकण व सह्याद्रीच्या पायथ्याचें पाणी त्यास मानवतें. यवतमाळकडच्या कोरड्या सागवानी रानांत आपोआप वाढणारें झाड निराळें. त्याचींही फुलें चेंडूसारखीं गोल, पण लहान व फिकीं. त्यास लोक 'कळम' किंवा 'कळंब' म्हणतात आणि त्याचें लांकूड घरकामास वापरतात. संस्कृत निघंटुकारांनींही धाराकदंब, धूलिकदंब, भूमिकदंब असे भेद केलेले आहेत. एकाच शब्दाखालीं अनेक झाडें नांदत होतीं हें त्यांस ठाऊक होतें. आमच्या मतें गांवास नांव देणारें झाड हा रानचा कळमच होय. क्षेत्रमाहात्म्य लिहिणाऱ्यानें त्यास संस्कृत पोशाख चढवून कदंब केलें असावें, इतकेंच.

या कदंबाचा आणि मद्याचा संबंध फार जुना आहे. विष्णुपुराणांत व हरिवंशांत बलरामाची एक कथा आहे: वृंदावनांतील एका कदंबाच्या ढोलींत वारुणी प्रकटली, वासावरून बलरामानें ती हेरली, आणि ती पिऊन त्यानें नांगरानें यमुना ओढली. ढोलींत सांचलेलें पावसाचें पाणी फुलांच्या मधानें आंबावें व त्यास मद्याचा गुण यावा, ही कल्पना अगदींच कवीची नव्हे. अमरकोशांत मदिरेच्या पर्यायांत 'कादंबरी' हा शब्द आहे तो यामुळेंच. बाणभट्टानें तें नांव आपल्या नायिकेस दिलें, नायिकेचें ग्रंथास मिळालें, आणि गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत मराठी लेखकांनीं तें सबंध वाङ्मयप्रकारास लावलें. ग्रंथालयांतून कादंबरी मागणाऱ्या सोवळ्या वाचकास आपण काय मागत आहों याची कल्पना नसते.

कदंबाच्या ढोलींतील वारुणी मात्र पुराणांतच राहिली. कळंबच्या शिवारांत दारूचें झाड कोणतें असें विचारलें तर उत्तर एकच येतें, मोह. गांवाचें नांव एका झाडानें घेतलें, आणि गरिबाची कणगी दुसऱ्यानें भरली. पहिल्याचें माहात्म्य लिहिलें गेलें. दुसरें झाड सरकारी कागदांत प्रथम उत्पन्नाची बाब म्हणून व नंतर गुन्ह्याचा मुद्देमाल म्हणून दिसतें. या दुसऱ्या झाडाच्या इतिहासाकडे आमच्या कागद-संग्राहकांचें लक्ष वळावें, एवढ्यासाठीं पुढील मजकूर.

मद्याकरितां फूल वेंचणें हा उद्योग आपल्याकडे अप्रतिष्ठित मानला जातो. युरोपांत तोच उद्योग प्रतिष्ठित शेती म्हणून चालत आला, आणि त्याचें उदाहरण म्हणजे हॉप. हॉप हा भांगेच्या कुळांतील वेल आहे. त्याचें मूळ अनेक वर्षें जगतें, पण वेल दरसाल नवा फुटून खांबांवर व सुतळ्यांवर वीस-वीस फूट चढतो. नर व मादी वेल निराळे असतात. मादी वेलास पापुद्र्यांचे, शंकूच्या आकाराचे फुलोरे येतात. त्यांच्या आंत पिवळी, चिकट, कडू पूड असते. जवाच्या बिअरला कडवटपणा देणें व ती नासूं न देणें हीं दोन कामें ही पूड करते. बाराव्या शतकांत जर्मनींतील हिल्डेगार्ड या विदुषी जोगिणीनें हॉपचा हा टिकाऊपणाचा गुण नमूद केला आहे. १५१६ च्या बव्हेरियांतील आज्ञेनें बिअरमध्यें जव, हॉप व पाणी यांवांचून कांहीं घालूं नये असें ठरलें. इंग्लंडांत हॉपची लागवड फ्लँडर्सकडून आली, केंट परगण्यांत रुजली, आणि त्याच परगण्यांतील रेजिनाल्ड स्कॉट यानें १५७४ सालीं हॉपच्या मळ्यावर एक स्वतंत्र पुस्तक लिहून छापलें: जमीन कशी निवडावी, ढिगूळ कसा घालावा, खांब केव्हां रोंवावे, फुलोरा केव्हां तोडावा, भट्टीच्या घरांत तो कसा सुकवावा. भाद्रपदाच्या सुमारास फुलोरा तयार झाला कीं शेतकऱ्याचें सारें कुटुंब व बाहेरून आलेले मजूर तोडणीस लागत. तोडलेला माल त्याच दिवशीं सुकविला नाहीं तर तापून काळा पडतो.

सोळाव्या शतकांतील एका शेतकरी-लेखकास आपल्या पिकावर पुस्तक लिहावेंसें वाटलें व तें छापलें गेलें, ही गोष्ट मनांत ठेवावी. इंग्लंडच्या सरकारनें १७११ पासून १८६२ पर्यंत हॉपवर कर घेतला. परंतु कर घेतला म्हणजेच पीक मान्य केलें. मळेवाला आपल्या मळ्यांतील फुलोरा घरीं ठेवण्याबद्दल चोर ठरला नाहीं.

हिंदुस्थानांत हॉप प्रथम आला तो पिंपांत भरून, गोऱ्या लोकांच्या बिअरमधून. लांबच्या सागरी प्रवासांत ती नासूं नये म्हणून तींत हॉप अधिक घालीत. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत काश्मिरांत व विसाव्या शतकांत लाहौलच्या खोऱ्यांत त्याची लागवड झाली. दख्खनेंत ती रुजली नाहीं याचें कारण सूर्य होय. फुलोरा भरण्यास हॉपला उत्तरेकडील देशांचा फार लांब दिवस लागतो. कळंब साडेवीस अक्षांशांच्या जवळ, तेथील सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास. ज्या मातींत हॉप होत नाहीं तिनें दुसरें फूल दिलें.

मोह फाल्गुनांत पानें टाकतो. फांद्यांच्या टोंकांशीं तपकिरी कळ्यांचे घोंस धरतात आणि चैत्रापर्यंत एकामागून एक झाड फुलत जातें. फूल रात्रीं उमलतें. त्याचा मांसल, पोकळ, फिकट पिवळा मणि पहांटेपासून गळूं लागतो आणि पहिल्या प्रहरांत बहुतेक सडा पडून जातो. म्हणून झुंजुमुंजू होतांच टोपली घेऊन झाडाखालीं जावें लागतें; उशीर झाला तर गुरें, हरणें, रानडुकरें, आणि जंगलालगत असेल तर अस्वल, आपापला हिस्सा घेऊन जातात. हंगामाच्या आधीं झाडाखालचा पाचोळा झाडून, पुष्कळदां पेटवून, जागा लख्ख करतात, म्हणजे फूल मातींत हरवत नाहीं. हीच आग कधीं कधीं रानास लागते, आणि वनखात्याचें व गांवकऱ्यांचें भांडण तेथून सुरू होतें. यांत खात्याचा आक्षेप अगदींच खोटा आहे असें म्हणतां येत नाहीं. वेंचणी एका दिवसाची नसते. एकच झाड दोन-तीन आठवडे रोज फूल टाकतें, आणि रोज पहांटे त्याच झाडाखालीं वांकावें लागतें. बाया, म्हातारीं आणि मुलें यांचें हें काम. फाल्गुनांत अभाळ आलें, गारा पडल्या, तर भर गेला असें समजावें.

वेंचलेलीं फुलें शेणानें सारवलेल्या अंगणांत तीन-चार दिवस उन्हांत पसरतात. तीं तांबूस-तपकिरी होतात, आकसतात, वजन निम्म्याहून पुष्कळ खालीं येतें, आणि वास बदलतो. वाळलेल्या फुलांत अर्ध्याहून अधिक भाग साखरेचा असतो. एकदां नीट वाळलीं कीं कणगींत वर्ष काढतात. ओल लागली तर आंबतात, किडतात. हॉपवाल्याचें सुकवणीचें घर आणि कोलामाचें अंगण यांची चिंता एकच आहे. त्याच फुलांतून पुढें फळें धरतात. ज्येष्ठाच्या सुमारास त्यांच्या बिया, म्हणजे टोळंबी, फोडून तेल काढतात. तें दिव्यास, खाण्यास व अंगास लावण्यास चालतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोहाचें फूल म्हणजे दारू, असें शहरांत समजतात. वेंचणाऱ्याच्या घरीं तें आधीं अन्न आहे. भाजून, उकडून, ज्वारीच्या पिठांत मिसळून, तिळाबरोबर कुटून तें खातात. गाभण गुरांस घालतात. दुष्काळांत तर तेंच गरिबाचें धान्य. वऱ्हाडांत १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले. त्या सालांच्या पोटाचा हिशेब केवळ ज्वारीच्या भावांवरून मांडणारा इतिहासकार अर्धाच हिशेब मांडतो. दारू ही पुढची पायरी. फुलें पाण्यांत भिजवून कांहीं दिवस आंबवितात, हंड्यांत उकळतात, आणि वाफ थंड करून धरतात. पहिल्या धारेची तेज, पुढली फिकी. गोंड, कोलाम, परधान यांच्या देवांस, लग्नांस व मरणांस ती लागते. त्यांच्या देवघरांत तिचें स्थान उसन्या चैनीचें नाहीं.

शेताशीं या झाडाचें नातेंही हॉपहून निराळें. हॉप लावावा लागतो. मोह लावीत नाहींत, राखतात. रान मोडून वहीत करतांना इतर झाडें तोडलीं तरी मोह बांधावर ठेवीत. रोप लावलें तर त्याचें फूल पाहण्यास आठ-दहा वर्षें थांबावें लागतें, आणि ऐन भरास यावयास त्याहून पुष्कळ अधिक. म्हणून आजच्या वेंचणाऱ्याचें झाड त्याच्या पणज्यानें न तोडलेलें झाड असतें. दोन-तीन मोह ज्याच्या बांधावर आहेत अशा पांच एकरांच्या खातेदारास चैत्रांत, म्हणजे घरांतलें धान्य सरत आलेलें असतांना, बियाणें, खत, पाणी यांवांचून एक पीक हातीं येतें. रानांतील झाडांचीही कुटुंबावार वांटणी रूढीनें ठरलेली असते, आणि तीवरून होणारे तंटे पंचांत तुटतात.

आतां जुना आधार पाहूं. अमरकोशांत मधूक वृक्षाचे पर्याय गुडपुष्प, मधुद्रुम, वानप्रस्थ, मधुष्ठील असे दिले आहेत. 'गुडपुष्प' म्हणजे गुळाचें फूल. कोशकारास वाळलेल्या फुलाची चव ठाऊक होती हें या एका शब्दावरून कळतें. मनुस्मृतींत गौडी, पैष्टी व माध्वी अशा तीन सुरा सांगितल्या आहेत. त्यांतील माध्वी मोहाच्या फुलांची असें कुल्लूकभट्ट समजतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु हे प्रकार व पहिल्या कांहींचीं प्रमाणें दिलीं आहेत. उदाहरणार्थ, मेदकास एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व. मेदक व प्रसन्ना यांत पाठा, लोध्र, दारुहळद, मिरीं, पिंपळी इत्यादिकांचा मसाला घालावा असें तो सांगतो. हॉपचें काम आपल्याकडे कशानें होत असे याचें उत्तर या मसाल्यांत आहे. वैद्यांच्या आसवारिष्टांत तें काम धायटीच्या फुलांकडे आलें. यवतमाळच्या टेकड्यांवर मोहाच्याच मोसमांत तांबड्या फुलांनीं भरून जाणारें झुडूप तें हेंच. त्याच्या फुलांबरोबर किण्व आपोआप येतें, म्हणून वैद्य त्याखेरीज आसव क्वचितच घालतात. आईन-इ-अकबरींत उसाच्या दारूंत बाभळीची साल घालण्यास सांगितलें आहे, तीही याच मालिकेंतील.

कौटिल्याच्या त्या मसाल्याच्या यादींत 'मधुक' हा शब्द आहे, आणि तो पाहून मोह सांपडला म्हणून कांहीं विद्वानांस आनंद होतो. तेथें ह्रस्व उकार आहे, दीर्घ नव्हे. मधुक म्हणजे ज्येष्ठमध. मधूक म्हणजे मोह. एका मात्रेनें मुळाचें फूल होतें. नागरी पोथींतसुद्धां लेखक हा भेद पाळतीलच असें नाहीं; मग मोडींत, जेथें उकार एकच, तेथें तो शोधणेंच नको. वैद्यकाचें मोडी बाड वाचतांना अर्थ मात्रेवरून न करतां मजकुरावरून करावा: शेजारीं फूल, गाळणें, भट्टी असे शब्द असतील तर मोह, मूळ, चूर्ण, खोकला असे असतील तर ज्येष्ठमध.

परकीयांच्या वर्णनांतही अशीच सावधगिरी पाहिजे. इब्न बतूता मोहाचें वर्णन करतो व वाळल्यावर त्यास अंजिराची चव येते म्हणून सांगतो. पण तो फळ म्हणतो. अबुल फजलही मोहाच्या फळास गिलौंदा म्हणतात व त्याची दारू होते असें लिहितो. दोघांचीही एकच चूक. जमिनीवर पडलेला तो मांसल मणि पाहून फूल कोणास वाटेल? दारू फुलाची; फळ खाण्याचें व बी तेलाचें. लेफ्टनंट चार्ल्स हॅमिल्टन यानें 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडांत (१७८८) मोहावर निबंध लिहिला, तेव्हांपासून इंग्रजी लिखाणांत हा वृक्ष स्वतंत्र विषय झाला.

कौटिल्याच्या त्याच अध्यायांत आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या या लेखाच्या मुळाशीं आहेत. सुरेचा व्यापार राजाच्या हातीं असावा याबद्दल तो फार कडक आहे. तरीही गृहस्थांनीं आपल्या घरच्या कार्यांत श्वेतसुरा, व औषधासाठीं अरिष्ट, करण्यास तो मोकळीक देतो. उत्सव, समाज व यात्रा यांत चार दिवसांची सूट देतो. आणि सुरा-किण्वाचें साहित्य गोळा करण्याचें काम स्त्रियांनीं व मुलांनीं करावें असें सांगतो. चैत्रांतल्या पहांटे टोपली घेऊन वांकलेल्या बाया-मुलें पाहिलीं म्हणजे या सूत्रावर निराळें भाष्य करावयास नको.

पेशवाईंतील मद्यबंदीविषयीं न्या. रानड्यांनीं पेशव्यांच्या रोजनिशींच्या प्रस्तावनेंत लिहिलें आहे. तेथेंही विक्रीवर रोख दिसतो. फुलावर रोख ठेवण्याची युक्ति इंग्रजी अंमलांतील. मुंबई इलाख्यांत १८७८ सालीं अबकारीचा कायदा झाला. दारूचें उत्पन्न बुडतें तें घरोघरच्या भट्ट्यांमुळें, आणि भट्टी रानांत लपवितां येते. पण फूल लपवितां येत नाहीं, असें पाहून १८९२ सालीं 'मोह कायदा' करण्यांत आला व ठाणें आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोहफुलें परवान्यावांचून जवळ बाळगणेंच निषिद्ध ठरलें. घरीं धान्य म्हणून ठेविलेलें फूल व दारूसाठीं ठेविलेलें फूल यांत शिपायानें भेद कसा करावा? तो करावा लागूं नये हाच कायद्याचा हेतु होता. कळंब तेव्हां मुंबई इलाख्याबाहेर, म्हणून या पहिल्या झळींतून सुटलें; वऱ्हाडांत दुकानांचे मक्ते लिलावानें जात. पुढें १९३८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडचा दारूबंदीचा कायदा आला. मुंबईचा १९४९ चा कायदा, ज्यांत मोहफुलांवर स्वतंत्र निर्बंध होते, तो १९५९ सालीं विदर्भास लागू झाला. म्हणजे कोंकणासाठीं निघालेली युक्ति सदुसष्ट वर्षांनीं वर्धा ओलांडण्याच्या बेतास आली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें वनांतील गौण उपजावर वननिवासींची मालकी मान्य केली, आणि २०२१ सालीं राज्य सरकारनें मोहफुलांवरील निर्बंध शिथिल केले. दारूबंदीच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे, व तें बोलणारांत त्याच रानांतील बायाही आहेत. आमचा आक्षेप दारूबंदीस नाहीं. अन्नाच्या फुलाची गणना चोरीच्या मालांत झाली, त्यास आहे. त्याचा परिणाम असा कीं, या पिकाचा इतिहास ज्या कागदांत दिसतो ते बहुतेक फिर्यादी पक्षाचे आहेत. हॉपच्या मळेवाल्याचा स्कॉट झाला. मोह वेंचणारीचा कोणी झाला नाहीं.

तेव्हां दुसरे कागद शोधले पाहिजेत, आणि ते संग्राहकांच्या आटोक्यांतले आहेत. आमच्या संग्रहांची दृष्टि शिक्क्यांवर व सनदांवर खिळलेली असते. कसब्यांतील वाण्याची रोजमेळाची वही रद्दींत जाते. कागद जाड व कोरा भाग पुष्कळ म्हणून ती पुड्या बांधण्यास सोयीची पडते, आणि पुड्यांबरोबर ती संपते. त्याच वहींत चैत्र-वैशाखाच्या पानांवर मिठाच्या वा ज्वारीच्या बदल्यांत आलेलीं मोहफुलें, त्यांचें माप व देणाऱ्याचें गांव यांची नोंद असावयाची. त्यापुढें ज्येष्ठांत टोळंबी. अशा पांच-दहा सालांच्या वह्या एकत्र मिळाल्या तर कोणत्या सालीं भर आला, कोणत्या सालीं गेला, आणि दुष्काळांत भाव कसा फिरला, हें कोणत्याही गॅझेटियरपेक्षां अधिक खात्रीनें सांगतां येईल. पाटील-पटवाऱ्यांच्या दफ्तरांत झाडांच्या याद्या व बांधाच्या तंट्यांचे करीने असतात. त्यांत मोहाचा उल्लेख खूण म्हणून येतो, 'पूर्वेस मोह, दक्षिणेस नाला', आणि हद्दीची खूण म्हणून टिकलेलें झाड किती पिढ्यांचें याचा तोच पुरावा. कलालांच्या घरीं मक्त्याचे कौल असतात. सातबाऱ्याच्या शेऱ्यांतही झाडांची नोंद आढळते. ती जुन्या यादीशीं ताडून पाहतां येते.

वही हातीं आली तर एक गोष्ट अवश्य करावी: जिल्हा ठरविण्यापूर्वीं तींतील आठवडेबाजारांचीं नांवें उतरून काढावीं. मोह मांजरेच्या खोऱ्यांतही अगदींच अपरिचित नाहीं, आणि वही नुसत्या 'कळंब' या नांवावर यवतमाळच्या गठ्ठ्यांत गेली तर पुढच्या माणसास ती तेथून काढणें कठीण पडेल.